फक्कीची वर्तुळं

लोणी भापकरजवळचा आमचा माळ म्हणजे मुरूम, कुसळं आणि बोडके दगड. लोक म्हणत, फुकट गेलेली जागा. निवृत्तीनंतर मला मात्र तिनंच नादी लावलं, कारण तिथं झाकणाचे कोळी राहत. रेशमाचं अस्तर लावलेलं वीतभर बीळ, आणि वर बिजागरीसारखं उघडणारं मातीचं झाकण. मादी त्या एकाच बिळात वर्षानुवर्षं काढते. आजूबाजूचे माळ उसाखाली गेले, तसा त्यांना हा एवढाच कोपरा उरला होता.

ग्रामपंचायतीनं माळावर झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा तेवढा कोपरा सोडा म्हणून मी सरपंचांच्या मागंच लागलो. ते म्हणाले, "सोडू की, गुरुजी. पर तुमचं कोळी आमाला दिसत न्हाईत. खुणा करून ठिवा."

झाकण मिटलं की ते मलाही दिसत नसे. रोज सकाळी गुडघ्यांवर रांगत मी एकेक बीळ हुडकलं आणि प्रत्येकाभोवती फक्कीचं पांढरं वर्तुळ काढलं. मग दोन दिवस निमगाव केतकीला बहिणीकडं गेलो.

परत आलो तर वर्तुळ एकही नव्हतं. प्रत्येकाच्या जागी गुडघाभर खड्डा होता. सरपंच बारामतीला गेलेले. फक्की कशासाठी मारली होती, हे सांगायला कुणी नव्हतं. ट्रॅक्टरचं खड्डे पाडायचं गिरमिट पुसत ड्रायव्हर म्हणाला, "तुमी फक्की मारून ठिवली म्हनून बरं झालं, गुरुजी. न्हायतर ह्या मुरमात खड्डं कुठं घ्यायचं, तेच कळत नव्हतं."

शाळेत असताना वृक्षारोपणाच्या आदल्या दिवशी खड्ड्यांच्या जागा मीच फक्कीनं आखून द्यायचो. आमच्याकडं माळावर पांढरी खूण दिसली की माणूस तिथं खणतोच, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला माझीच शिसारी आली.

मातीच्या ढिगात एक झाकण सापडलं, नखाएवढं. आतल्या बाजूला दोन बारीक छिद्रं होती. धोका जाणवला की मादी तिथं दात रोवून झाकण आत ओढून धरते. ती छिद्रं फाटून लांब झाली होती.

तेवढ्यात रोपं घेऊन आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी मला हाक मारली. जागा मी आखल्या, म्हणून पहिल्या रोपाचा मान माझा. झाकण मुठीत धरून दुसऱ्या हातानं मी खड्ड्यात माती लोटली.