दाजींच्या गाडीतली डावी सीट

शहाद्याच्या बसस्टँडवर मी नंदुरबारच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा मनोजचा फोन आला. मनोज म्हणजे माझा भाचा, आक्काचा थोरला. "मामा, आबा गयात," एवढंच तो म्हणाला. आबा, म्हणजे माझे दाजी हिंमतराव, दुपारी जेवून नेहमीसारखे खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. फोन खिशात ठेवला आणि पहिला विचार काय आला ते सांगायची मला लाज वाटते. मनात आलं, आता रविवारी मला कामाला कोण जुंपणार... गेलं दीड वर्ष माझा एकही रविवार माझा नव्हता. निवृत्त मास्तरानं सुटीच्या दिवशी पेपर वाचावा, दुपारी वामकुक्षी घ्यावी, तर मी हातात दाढीचा जुना ब्रश घेऊन एका मोटारीच्या सीटच्या शिवणीतली धूळ काढत बसलेला असे. त्याबद्दल मी दाजींवर इतका करवादलो आहे की आज त्यांच्याविषयी लिहिताना आधी हसूच येतं. त्यांना ते चाललं असतं.

दाजी घोड्याचा माणूस. शेती सगळी तापीकाठची, केळी, ऊस, कापूस, पण त्यांचा जीव होता तो दारातल्या घोडीत आणि तिच्या खोगिरात. खोगिराला दर महिन्याला एरंडेलाचा हात द्यायचा, मग नाकाशी नेऊन वास घ्यायचा, आणि वासावरून ठरवायचं की चामडं तृप्त झालं की नाही. सारंगखेड्याची मार्गशीर्षातली घोड्यांची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. अडतीस वर्षं घोडीवर बसून, डोक्याला फेटा बांधून ते यात्रेला जायचे आणि आक्का दारात उभी राहून त्यांना जाताना बघायची. यात्रा घरापासून तीन कोसांवर, पण तिनं ती एकदाही बघितलेली नव्हती. घोड्यावर दोघं बसत नाहीत आणि दाजी दुसऱ्या कशावर बसत नाहीत, असा तो सरळ हिशेब होता. मग एकदा बांधावरून घोडी घसरली, दाजींच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता घोडा बंद. घोडी त्यांनी नात्यातल्या माणसाकडे धाडली. महिना गेला. आणि एक दिवस सुरतेहून एक जुनी, लांबलचक परदेशी मोटार घेऊन आले. गाडी कशी चालते, किती पिते, काही विचारलं नव्हतं. आत खऱ्या चामड्याच्या सीटा होत्या, एवढं बघून सौदा केला होता.

सीटांची दशा मात्र बघवत नव्हती. कधी काळी बदामी असलेला रंग मळून खाकी झालेला, पाठीवर बारीक बारीक भेगा, उन्हानं चामडं कडक. मनोज म्हणाला, "आबा, वरथीन रेक्झिनना कव्हर टाकी देऊत." दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सीटांना एरंडेल पाजायला सुरुवात केली. सकाळी एक हात, संध्याकाळी एक हात. मला बोलावून घेतलं, चार दिवस माझी मेहनत बघितली आणि म्हणाले, "मास्तर, तुन्हा हात खडूना शेत, तेलना नई." माझे हात खडूचे ठरले, तरी सुट्टी दिली नाही. सीटा काळ्याभोर चमकायला लागल्या. दाजी वास घेत आणि म्हणत, "आजून तहान शे."

वैशाखात नंदुरबारला नात्यात साखरपुडा होता. दाजींनी आक्काला गाडीत शेजारी बसवून न्यायचं ठरवलं. आक्कानं ठेवणीतली मोतिया रंगाची रेशमी साडी काढली. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. महिनाभर पाजलेलं सगळं एरंडेल त्या उन्हानं वर आलं. आक्का मांडवाच्या दारात उतरली तेव्हा मागून तिच्या साडीवर सीटचा अख्खा नकाशा उमटला होता, शिवणींसकट. बायकांमध्ये जी खसखस पिकली ती थांबेना. आक्का सगळा साखरपुडा भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जेवलीसुद्धा तशीच. मी तिला आणखी वाढू का विचारायला गेलो तर माझ्याकडेसुद्धा रागानं बघितलं. येताना ती एसटीनं आली. घरी येऊन तिनं दाजींना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलं, "भाऊ, त्या तेलना डबामा मी आते बठाव नई."

दाजींना साडीचं वाईट वाटलंच, पण त्यांचं दुखणं निराळं होतं. ते मला शहाद्यात एका सीटकव्हरवाल्याकडे जाऊन येताना कळलं. त्या म्हाताऱ्या कारागिरानं सीटवर बोट फिरवलं आणि हसू दाबत म्हणाला, "बाबा, खोगीर खालच्या उघड्या बाजूनं तेल पितं. हाई सीटले वरथीन रंगाना थर शे. तेल जाई कथं? साडीमा." दाजी इतके वरमले की परतीच्या वाटेवर गाडी त्यांनी उसाच्या शेताकडेला उभीच केली. मग म्हणाले, "मास्तर, इतला वरीस मी एकलाच घोडावर जाये. ती दारमा उभी ऱ्हाये. हाई गाडी मी तिन्हासाठे लई. अन तीच बठत नई." दाजींच्या तोंडून मी त्याआधी असलं काही ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे बायकोसाठी काही केलं तर ते बैलासाठी केलं म्हणून सांगण्याची रीत आहे. यंदाच्या यात्रेला आक्काला शेजारी बसवून न्यायचंच, ही त्यांची त्या दिवशीची प्रतिज्ञा, आणि मी तिचा एकमेव साक्षीदार.

मग सुरू झाले ते रविवार. गाडी निंबाच्या सावलीत, चारही दारं उघडी. कोमट पाण्यात रिठ्यांचा फेस करायचा आणि नुसता फेस फडक्यावर घ्यायचा, पाणी नाही. एक वीत जागा पुसायची, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची, मग पुढची वीत. महिनाभर नुसतं तेलच निघत होतं. भेगांच्या मागून पातळ चामड्याचे तुकडे चिकटवले, उसवलेल्या शिवणी दाजींनी मेणाच्या दोऱ्यानं स्वतः शिवल्या. मनोजनं चामड्याला लावायच्या मलमाची बाटली मागवली. दाजींनी आधी नाक मुरडलं, मग सीटच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात ती लावून आठ दिवस वाट पाहिली. त्यानंतर मात्र कापसाच्या बोळ्यावर चण्याएवढं मलम, त्याहून कण जास्त नाही. मी जरा जास्त घेतलं की हात धरत. चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी तपासणी होत होती.

काम झालं की दाजी घराकडे तोंड करून हाक मारत, "मनोजनी माय, एक डाव देखी जाय." आक्का पदर खोचून यायची, हातात पांढऱ्या पंच्याचा तुकडा. तो डाव्या सीटवर तळव्यानं दाबून घासायची आणि आम्हाला उलटून दाखवायची. डाग. "नई," म्हणायची आणि परत जायची. आषाढ, श्रावण, भादवा असाच गेला. नवरात्राच्या सुमारास मला शंका यायला लागली. मी माझा स्वतःचा पांढरा रुमाल सीटवर घासून बघितला, तर तो स्वच्छ. आणि पाच मिनिटांनी आक्कानं फडकं फिरवलं तर त्यावर डाग. मला काही कळेना. दाजींनी मात्र ते फडकं हातात घेतलं, खोगिराचा घेत तसा वास घेतला, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "बरं, पुढला रविवार." आक्का आत गेल्यावर मला गाडीच्या आडोशाला ओढलं. "मास्तर, आपली बाटलीले निंबूना वास शे. फडकाले भज्यासना वास ई ऱ्हायना." मी म्हटलं, मग तिला विचारा ना सरळ. तर म्हणाले, "कसाले? मी घोडी धोये तवय दर आठ दिनमा कधी उनी व्हती का ती? येऊ दे तिले." आणि माझ्याकडून वचन घेतलं की ही गोष्ट माझ्या पोटात राहील.

यात्रेच्या दिवशी आक्का बाहेर आली ती फडक्याशिवाय. नेसली होती तीच मोतिया साडी, डागासकट. "हाईले आते काय डाग लागाव?" असं म्हणून डाव्या सीटवर बसली. दाजींनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. जातायेता मी मागच्या सीटवर होतो, आणि मागच्या सीटवरच्या माणसाची त्या दिवशी कोणालाच गरज नव्हती. यात्रेत आक्का प्रत्येक घोड्यापाशी थांबायची, दाजी काठी टेकून त्याची खोड सांगायचे, आणि पुढच्या घोड्यापाशी ती स्वतःच खोड ओळखून सांगायची. तिला ते येत होतं, आणि दाजींना ते अडतीस वर्षांनी कळलं. त्यानंतर रविवारचं काम संपलं असं मला वाटलं होतं. पण जपलं नाही तर चामडं रुसतं, म्हणून रविवार चालूच राहिले, आणि मीही कुरकुरत जातच राहिलो.

दाजी गेल्याला पाच आठवडे झाले. परवाच्या रविवारी सवयीनं गेलो. गाडी निंबाखाली होती, चारही दारं उघडी, आणि आक्का रिठ्याचा फेस घेऊन दाजींची उजवी सीट पुसत होती. एक वीत झाली की कोरडं फडकं, अगदी बरोबर. मी ब्रश घेतला आणि मागच्या सीटला लागलो. चार विती पुसून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, मी त्यासले फसाडं." मला वाटलं काय आता. तर म्हणाली, सीट कधीच चांगली झाली होती, फडक्याला घरातून येताना तीच तेलाचा हात पुसत होती. दर रविवारी ते हाक मारतात, आपली वाट बघतात, हे तिला सोडवत नव्हतं. "त्यासना दिन थोडाच व्हतात, अन मी दोन महिना बठनूच नई... हाई आते कोनले सांगू?" पाच आठवडे ती हे उराशी घेऊन बसली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला धीर देत होता आणि ती मनात हे मोजत होती.

वचन मोडायला मला एक क्षणही लागला नाही. मी म्हटलं, आक्का, त्यांना ठाऊक होतं. नवरात्रापासून. वासावरून ओळखलं, भज्यांचा वास येतो म्हणाले, आणि येऊ दे तिला म्हणाले.

ती हातातलं फडकं तसंच धरून डाव्या सीटवर जाऊन बसली. पदर डोळ्यांना लावला, आणि मला वाटलं आता रडणार. खांदे हलत होते, पण ती हसत होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. हसू जरा ओसरल्यावर उजव्या सीटकडे बघून म्हणाली, "तरीच. फडकं सुंघं की रातले म्हनेत, मनोजनी माय, आज भजा कर."