सुजाता पुस्तक घरी नेत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत आमचं वाचनालय मुलांसाठी दुपारीही उघडं राहावं, म्हणून मी तिथे जाऊन बसते. नववीतली सुजाता रोज येते, पण पुस्तक घरी नेत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंच."

चौदाव्या वर्षी मुलीला स्वतःची खोली कुठून मिळणार? निदान खिडकीजवळची एक खुर्ची तरी मिळावी.

काल तिची आई तिला शोधत आली आणि दारातच थबकली. मी सुजाताला उठवायला निघाले, तर आई हळूच म्हणाली, "राहू द्या बाई. इतकं रमलेलं मी तिला कधी पाहिलं नाही."

मग चपला काढून ती बाकावर लेकीची वाट बघत बसली.