रवा बारीक

चिंचपोकळीच्या आमच्या गोदामात एकच पांढरी भुकटी वेगवेगळ्या दाण्यांत यायची. पॉलिमरच, पण पाण्यात न विरघळता फुगणारं. औषधाच्या गोळीत घातलं की पोटात गोळी फुटते. सरबतात घातलं की तुरटपणा धरतं आणि मग गाळून काढता येतं. गोळीला अगदी बारीक लागायचं, सरबताला जाड. कंपनीची लांबलचक इंग्रजी नावं कोणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातली नावं ठेवली होती. जाड ती लापशी, मधला तो रवा, बारीक ती पिठी. कुठल्या मालाला कुठला दाणा हे ठरवून चिठ्ठी लिहिणं माझं काम. चिठ्ठीप्रमाणे माल काढणं माझ्या मित्राचं. तो लालबागचा, घरात मालवणी बोलणारा.

एका गिऱ्हाइकाला लहान मुलांच्या गोळ्या करायच्या होत्या. मी आधी चिठ्ठीवर ‘रवा’ लिहिलं. मग त्यांचा फोन आला, रवा नको, बारीक द्या. मी ‘रवा’ खोडलं नाही. पुढे नुसतं ‘बारीक’ लिहिलं.

मित्राच्या घरी बारीक रवा म्हणजे लाडवाचा रवा. त्याने दुपारभर रवा चाळला, त्यातला बारीक निवडला, नीट बांधून पाठवला. पिठीची गोणी तशीच राहिली, ती दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गिरगावच्या जांभूळ सरबतवाल्याकडे रवाना केली. गोळ्यांच्या अंगावर देवी आल्यासारखे फोड आले. सरबतवाल्याचं गाळायचं कापड असं तुंबलं की दिवसाला पेलाभर सरबत खाली येईना. दोघेही एकाच सकाळी आले. एकाच्या हातात गोळ्यांची बरणी, दुसऱ्याच्या हातात ते कापड.

साहेबांनी चिठ्ठी मागितली. माल गेला की चिठ्ठी माझ्याकडे परत येई, त्यामुळे ती माझ्या खिशात होती. मी म्हणालो, ‘‘मी पिठीच सांगितली होती.’’ मग चहा घ्यायला बाहेर गेलो आणि चिठ्ठी खाल्ली. चहाबरोबर, दोन घासांत. ती विरघळली नसावी, आत फुगत गेली असावी, असं मला आजही वाटतं.

चिठ्ठी आपण नीट वाचली नसेल, असं मित्राला स्वतःलाच वाटायला लागलं. त्याला मालावरून काढून दारावर आवक-जावक लिहायला बसवलं, आणि त्याचं नावच ‘रवा’ पडलं. निवृत्तीच्या समारंभात आम्ही त्याला स्टीलची चाळण दिली. ती मी निवडली होती. सगळे हसले, तोही हसला.

परवा दादरच्या एका हॉलमध्ये त्याची पंच्याहत्तरी झाली. त्याच्या मुलीने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवूनच गेलो होतो. माईक हातात घेऊन सांगितलं की चिठ्ठीवर ‘रवा बारीक’ असं मीच लिहिलं होतं, खोटं मीच बोललो, आणि चिठ्ठी मी खाल्ली.

चिठ्ठी खाल्ली म्हटल्यावर हॉल हसून लोटपोट झाला. नातू टाळ्या वाजवत होता. मी पुन्हा म्हणालो, खरंच खाल्ली. ते आणखी हसले.

मित्र खुर्चीतून उठला, काठी टेकत माझ्यापर्यंत आला. माईकवर हात ठेवून म्हणाला, ‘‘ही माझ्या चुकीची गोष्ट मी पोरांना सांगत आलोय. नातवाने शाळेत सांगितली. माझ्या सुनेच्या माहेरी मला रवाआजोबा म्हणतात. आता तू येऊन म्हणतोस चूक तुझी? मग माझं काय राहिलं रे?’’

‘‘पण खरं ते—’’

‘‘गप रव,’’ तो म्हणाला. मालवणीत गप्प राहा म्हणायचं तर असंच म्हणतात. पहिल्या रांगेतल्या कोणाला तरी त्यातला ‘रव’ सापडला आणि हॉल पुन्हा हसायला लागला. या वेळी त्यानेही हसून घेतलं, मान उंच करून, आपलीच कोटी असल्यासारखं.

मी खाली बसलो. ताटात शिरा होता. त्याच्या बायकोने जवळ येऊन आणखी एक डाव वाढला आणि हळूच विचारलं, ‘‘भावजी, चिठ्ठी खरंच खाल्लीत?’’

मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘‘त्यांना पुन्हा सांगू नका.’’

त्यांना सांगणार नाही. म्हणून इथे लिहिलं.