परवानाधारक सासरे

पोलीस ठाण्यात हौसेनं जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा सासरा निघाला. बाकीचे लोक ठाण्याची पायरी चढतात ती चोरी झाली म्हणून, बांधावरून डोकी फुटली म्हणून, नाहीतर कुणीतरी दंडाला धरून आणलं म्हणून. आमचे सासरे मात्र इस्त्रीचं धोतर नेसून, टोपीची कड बोटानं नीट करून, मिशीला हात फिरवून ठाण्याला असे निघायचे की वाटावं, व्याह्यांनी जेवायला बोलावलंय. याला कारण होतं त्यांची बंदूक. बारा बोअरची, दोन नळ्यांची, त्यांच्या वडिलांकडून आलेली आणि पिकाच्या रक्षणासाठी रीतसर परवाना असलेली. वडीगोद्रीच्या अलीकडे त्यांचं गाव. शेतात ऊस, कपाशी आणि मोसंबीची बाग. उसात रानडुकरं लोळायची, कपाशीत रोही, म्हणजे नीलगायी, चरायचे आणि आमचे सासरे बंदूक मांडीवर घेऊन खाटेवर बसून त्यांना नुसते ओरडून हाकलायचे. गाव त्यांना आबा म्हणायचं, माझी बायको आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायला लागलो.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी बंदूक बाहेर आली. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी आयुष्यात छडीपलीकडे शस्त्र पाहिलेलं नव्हतं. ते खुर्चीत आक्रसून बसले. आबांच्या ते लक्षात आलं. ते लगबगीनं आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला परवाना घेऊन आले. "भिऊ नका पावणं, परवान्याची हाये. बघा, सही बघा, शिक्का बघा." वडिलांनी सही बघितली, शिक्का बघितला, आबांचा तरुणपणीचा फोटोही बघितला. मुलगी बघायची तेवढी राहून गेली. शेवटी तीच वैतागून बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, आता मला बी दाखवा की." मी तिथल्या तिथे होकार दिला.

आबांना बंदुकीपेक्षा परवान्याचा अभिमान जास्त होता. बंदूक काय, कुणाकडेही असेल, पण सरकारनं आपल्या नावानं विश्वास टाकलाय, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटायची. त्या विश्वासाला तडा जाऊ नये म्हणून ते जे करायचे त्याला तोड नव्हती. एकदा भर दुपारी रोह्यांचा कळप कपाशीत शिरला आणि काही केल्या हलेना, तेव्हा आबांनी आभाळाकडे तोंड करून एक बार काढला. रोही पळाले, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली आणि आबा स्वतः धक्क्यानं खाटेवर बसले. खांद्याला हळद लावण्याआधी ते कपडे बदलून ठाण्यात हजर! तिथल्या साहेबांनी विचारलं, "कुणाला लागलं?"

"कुणालाच न्हाई साहेब."

"कुणाची तक्रार आहे का?"

"ती बी न्हाई."

"मग कशाला आलात?"

"आवाज झाला ना साहेब. उद्या कुणी इचारलं तर तुमच्या कानावर असावं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी आतल्या खोलीतल्या हवालदारांना हाक मारली आणि "यांचं काय ते ऐकून घ्या" म्हणून सांगितलं. ते ऐकून घेणं पुढे कितीतरी वर्षं चाललं.

हे हवालदार जालन्याचे. उंच, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी. घरी उर्दू बोलायचे आणि ठाण्यात आमच्यापेक्षा अस्सल मराठी. जमा झालेल्या शस्त्रांची खोली त्यांच्या ताब्यात असायची. निवडणूक कुठलीही असो, आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात नेऊन द्यायची आणि निकालानंतर परत आणायची. बाकीचे बंदूकवाले त्या वेळी कुरकुरायचे, ओळखी काढायचे, आम्हाला यातून वगळा म्हणून अर्ज करायचे. आबा आदल्या दिवशीच बंदुकीला तेलपाणी करून, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तयार ठेवायचे. मग ते लांबलचक गाठोडं मांडीवर आडवं घेऊन एस.टी.नं निघायचे. कुणी विचारलं नाही तरी शेजारच्या प्रवाशाला सांगायचे, "घाबरू नका, परवान्याची हाये." तोवर निवांत पेंगत असलेला तो बिचारा पुढच्या थांब्याला उतरून जायचा.

ठाण्यात मग मोठा सोहळा व्हायचा. हवालदार लुगडं सोडायचे, नळ्या उजेडाकडे धरून आतून बघायचे, बोटानं तेल चाचपून वास घ्यायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "आबा, हे बंदुकीचं तेल हाये का भज्याचं?"

"सरकीचं हाये. घरचं."

"सरकीचं! जाम होऊन जाईल ना यंत्र. किती बार सांगितलं तुम्हाला?"

"माझा बाप हेच लावायचा."

"मंग तुमच्या बापाचीच चूक हाये, बिलकुल."

यावर दोघंही एकमेकांकडे रागानं बघायचे आणि चहा यायचा. आबा पिशवीतून मोसंबी काढायचे. हवालदार त्यातलं एकच उचलायचे. "एक म्हणजे पाहुणचार. दुसरं घेतलं का लाच झाली," असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. निघताना आबा दहादा मागे वळायचे. कोपऱ्यात उभी करू नका, तिथं ओल येते. भिंतीला टेकवू नका. तिच्या शेजारी ती तीर्थपुरीवाल्याची गंजकी ठेवू नका, हिला गंज लागंल. पोरीला सासरी धाडतानाही त्यांनी मला इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.

आणि पाठवून गप्प बसतील तर ते आबा कसले! बंदूक जमा असेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी ते ठाण्यात तिला "बघायला" जायचे. हवालदार खोलीचं दार अर्धं उघडायचे, लांबूनच बोट दाखवायचे, "ती बघा, बराबर हाये." मग पुन्हा चहा. माझी बायको म्हणायची, "माझ्या सासरी आबा वर्षातून एकदा येतात. बंदुकीच्या सासरी दर आठवड्याला." त्यात थोडा रुसवा असायचा. पण हवालदार मात्र कधी आबांच्या शेतावर आले नाहीत. आबांनी हुरड्याला बोलावलं, रसाला बोलावलं, दर वेळी ते हात जोडायचे. "परवान्याचा रिपोर्ट आमच्या ठाण्यातून जातो आबा. तुमच्याकडं जेवलो तर लोक काय म्हणतील? रिटायर झाल्यावर येतो."

सासूबाई गेल्या तेव्हाही कुठली तरी निवडणूक होती आणि बंदूक ठाण्यातच होती. दहावं-तेरावं उरकलं, पाहुणे पांगले. मी आणि बायको मागे राहिलो होतो. एका सकाळी आबांनी कपडे केले आणि म्हणाले, "जरा बंदुकीकडं जाऊन येतो." मी सोबत गेलो. त्या दिवशी हवालदारांनी खोलीचं दार उघडलं नाही, आबांनीही उघडा म्हटलं नाही. दोघं बाकावर बसून राहिले. समोर कुणाची तरी पाकीटमारीची तक्रार चालली होती, वायरलेस खरखरत होता. बऱ्याच वेळानं आबा एवढंच म्हणाले, "घर लई मोठं वाटून राह्यलं." हवालदारांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. बंदुकीला बघायला म्हणून आबा इतकी वर्षं नेमकं काय बघायला जात होते, ते मला त्या बाकावर कळलं.

पुढे हवालदार निवृत्त झाले आणि जालन्याला घरी गेले. त्यानंतरच्या निवडणुकीला आबा नेहमीसारखे नटून निघाले आणि चहाच्या वेळेच्या आत घरी परतले. मी नेमका तिथेच होतो. "काय झालं आबा?" म्हणून विचारलं.

"काय न्हाई. पोरगी होती तिथं, खाकीतली. चांगली होती. बंदुकीचा फोटू काढला, कॉम्प्युटरवर पावती काढली, 'झालं आजोबा' म्हन्ली." ते टोपी हातात घेऊन ओसरीवर बसले. "बसा बी म्हन्लं न्हाई कुणी. तेलाचं बी कुणी इचारलं न्हाई. आन् मी या वक्ताला मशीनचं तेल लावून गेल्तो."

मग परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. आता वैद्यकीय दाखला लागतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. आबांनी वरची दोन वाचली आणि तिसऱ्या ओळीला थांबून म्हणाले, "डाक्टरसाहेब, उसात डुक्कर कुठं हाये ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. ही अक्षरं काय ऊस खातेत का?" डॉक्टर हसले, पण दाखल्यात जे खरं तेच लिहिलं. डोळे अधू झालेत आणि उजव्या हाताला कंप आहे. तो कंप मी दर खेपेला चहाच्या कपात पाहत होतो.

ठाण्याचे नवे साहेब तरुण होते आणि माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी आबांना खुर्ची दिली, कागद समोर ठेवले आणि म्हणाले, "आबा, तुमच्याविरुद्ध एक ओळ नाही या रेकॉर्डला. पण हा दाखला असताना मी परवाना चालू ठेवा असं कसं लिहू? तुम्हीच सांगा."

आबांनी ते कागद साहेबांकडे परत सरकवले. मला वाटलं, आता भांडतील, निदान बापाचं नाव काढतील. ते म्हणाले, "नका लिहू साहेब. माझ्या हातनं उद्या कुणाला लागलं तर तुमच्या सहीला बट्टा."

वारसाच्या नावानं बंदूक करता येईल, असं साहेबांनी सुचवलं. आबांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या आधी बायकोनंच उत्तर दिलं, "यांच्याकडं? हे मिक्सर चालू केला तरी दचकतात." ते खरं होतं. तिनं स्वतःच्या नावाचाही विचार केला, पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथं डुकरं नाहीत आणि आबाही नाहीत. शेवटी बंदूक सरकारजमा करायचं ठरलं.

जमा करायच्या आदल्या दिवशी आबांनी कुणाला न सांगता हवालदारांना फोन केला असावा. आम्ही ठाण्यात पोचलो तर ते बाकावर येऊन बसलेले. पांढरा कुर्ता, जाळीची टोपी, दाढीची मेंदी उतरलेली. ज्या ठाण्यात त्यांची हयात गेली, तिथं ते आता आमच्यासारखेच नंबर येण्याची वाट बघत होते. आबांनी गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. हवालदारांनी लुगडं सोडलं, नळ्या उजेडाकडे धरल्या, तेलाचा वास घेतला.

"बराबर हाये का?" आबांनी विचारलं.

"एकदम बराबर," हवालदार म्हणाले. त्यांनी बोट लुगड्याला पुसलं. "आज कुठं बराबर झाली."

नंबर आल्यावर ती दोघांनी मिळून टेबलावर ठेवली. सरकीच्या तेलाचा डाग असलेलं लुगडं तेवढं आबांनी घडी करून बगलेत मारलं.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "आता ना माझी वर्दी, ना तुमचा परवाना. चला, शेत दाखवा." ते त्या दिवशी पहिल्यांदा आबांच्या शेतावर आले. त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, मोसंबीची बाग हिंडून बघितली, डुकरांनी उकरलेली जागा पंचनामा केल्यासारखी न्याहाळली. त्या हिवाळ्यात ते वरचेवर यायचे. आबांचं हसणं मी इतकं कधी ऐकलं नव्हतं. मग हवालदारांच्या मुलानं त्यांना हैदराबादला नेलं. मुलगा तिथं नोकरीला, सून चांगली, नातवंडं लहान. नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

आता दोघं फोनवर बोलतात, पण ते बोलणं ऐकवत नाही. "कसं काय?" "ठीक." "पाऊस?" "हाये." "बरं, ठेवतो." फोन ठेवला की आबा उसाकडे तोंड करून बसतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं.

"जावईबापू, हैदराबादला जायला काय लागतं?"

"तिकीट लागतं. जालन्यातून गाडी आहे."

"ते न्हाई म्हणत मी. तिथं जाऊन काम काय सांगावं?"

"काम कशाला पाहिजे? आठवण आली म्हणून आलो, असं सांगा."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "असं तोंडावर सांगता येतं का माणसाला?" ते म्हणाले.

मी तिकीट काढून टाकलं. जालन्याच्या स्टेशनवर त्यांना खिडकीशी बसवून दिलं, डबा दिला, कुठं उतरायचं ते शेजारच्या कुटुंबाला समजावलं. गाडी सुटली तशी मी हवालदारांना फोन लावला की आबा निघालेत, गाडी संध्याकाळी पोचेल, मुलाला स्टेशनवर पाठवा.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "सच में निकले?"

"आत्ताच. अजून परतूरसुद्धा आलं नसेल. तुम्ही सावकाश..."

"मुलाला कशाला? मी निघालो बघा," हवालदार म्हणाले. मागून सुनेचा आवाज येत होता, अब्बा, इतनी जल्दी कहाँ, नाश्ता तो करो. "तिथं बाकडं असंल ना. बसतो मी."