मावशीची माती

आमच्या मावळात जमीन नावावर असते, पण ती जागेवर राहीलच असं नाही. कार्ल्याजवळच्या डोंगरउतारावर आमचं भाताचं खाचर आहे आणि त्याच्या डोक्यावर मावशीचं. मावशी नात्यातली नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणतं. एकटी बाई, आणि तिचं वर्षाचं खाणं त्या एका खाचरातून निघतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिचा दगडी बांध पाण्याने फुगला आणि एका सकाळी फुटला. उभ्या भातासकट तिची तांबडी माती आमच्या काळ्या खाचरात येऊन बसली. आमचं अर्धं पीक गाडलं गेलं. वर मात्र नुसता कातळ उरला. मावशी त्या कातळाकडे बघत बसून राहिली.

लोक वडिलांना म्हणाले, "आयती माती घावली की, भाऊ!"

वडील भडकले. "आन् तिनं काय दगुड खायाचं?"

शिमगा झाल्यावर एका रविवारी त्यांनी इर्जिक घातली. म्हणजे गावाने फुकट राबायचं आणि बोलावणाऱ्याने पोटभर मटण वाढायचं. त्या उतारावर जेसीबी चढत नाही. वराळ्याच्या कंपन्यांत जाणारे, उर्से टोलनाक्यावर काम करणारे, सगळे झाडून आले. आधी बांध रचला, मग उतारावर रांग लावून मातीची घमेली हातोहात वर चढवायला लागलो. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारे आम्ही धुळीने लाल माकडं झालो होतो. एकमेकांची टिंगल करून करून पोट दुखायला लागलं. कामात इतकी मजा मला ऑफिसात कधी आलेली नाही.

दुपारी रश्श्याचा वास सुटला आणि हातांना असा काही वेग आला की आपण काय खणतोय हे कुणी बघितलंच नाही. ऊन उतरल्यावर वडिलांनी सहज वर पाहिलं. मावशीच्या तांबड्या मातीवर चांगला जाड काळा थर पसरला होता. खाली आमच्या खाचरात गुडघाभर खड्डा.

"आरं, आमची बी घातली की वर!"

सगळे मावशीकडे बघायला लागले. ती नव्या बांधावर उभी होती. माती गेल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आता ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"मी न्हाई देनार, भाऊ," ती वरून ओरडली. "दम धरा जरा. तिची ती येईल खाली!"