सायकलीच्या वेगाचा आकडा

टपालदादाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. एखादं पत्र चुकीच्या दारात पडलं, तर तो स्वतःवरच चार दिवस चिडून असायचा. मग आख्खा आकडाच चुकला म्हटल्यावर काय झालं असेल, सांगा!

आकडा तित्तरांचा. दर वसंतात एक आठवडा टपाल वाटता वाटता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील ते तित्तर मोजायचे आणि तक्ता वनखात्याला धाडायचा, हे काम वीस वर्षं त्याच्याकडे होतं. रानातले सगळे तित्तर मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून खात्याच्या बाई बजावायच्या, "दादा, रस्ता तोच, वेळ तीच, वेग तोच. तरच यंदाचा आकडा मागच्याच्या शेजारी ठेवता येतो." तीसच्या खाली गेला की त्या खोऱ्यात वर्षभर शिकार बंद.

टपालखात्याने सायकलीच्या जागी मोटारसायकल दिली आणि आदल्या वर्षीच्या त्रेचाळीसचे झाले बारा. शिकार बंद झाली. मेहुणा हौशी शिकारी, त्याने बोलणंच टाकलं. दादा मात्र मनातून खूश होता. तित्तरांवर त्याचा भारी जीव. पिल्लं आईमागे तुरुतुरु रस्ता ओलांडायला लागली, की टपालाला उशीर झालेलाही त्याला चालायचा.

मग एका सकाळी दगडी उतारावर टायर पंक्चर झालं. गाडी ढकलत निघाला, तर बांधाआडून भर्रकन नऊ तित्तर उठले. पुढच्या वळणावर आणखी सहा. दादा मटकन खाली बसला.

"अरे गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला, "पाखरं कुठं गेली नव्हती. तूच सुसाट गेलास!"

पुढच्या वसंतात त्याने शेडमधून जुनी सायकल बाहेर काढली.

"अहो, गुडघ्याकडे बघा जरा," बायको म्हणाली. "आणि चुकीच्या आकड्यानं का होईना, जगताहेत ना बिचारी? का त्यांच्या जिवावर उठताय?"

हे त्याला फार लागलं. दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज त्यांच्या भल्यासाठी खोटं लिहिलं, आणि उद्या खरंच संपत आली, तर माझ्या कागदाला कोण कुत्रं विचारणार?"

बातमी कळताच मेहुणा तेलाची बुधली घेऊन हजर. "दाजी, चेन मी करून देतो!" दादाने त्याला हाकललं. बुधली तेवढी ठेवून घेतली.

सात दिवस कण्हत, शिव्या हासडत त्याने पायडल मारलं. एक्केचाळीस. तक्त्याखाली त्याने लिहिलं, 'मागचे बारा मोटारसायकलवरचे आहेत, ते खोडावेत,' आणि लिफाफा स्वतःच्याच थैलीत टाकला. शिकार खुली झाली. बंदुकीचा पहिला बार ऐकला तेव्हा तो भररस्त्यात उतरून ढसाढसा रडला. पण दर वसंतात सायकल निघायचीच.

पुढच्या वर्षी छत्तीस. त्याच्या पुढच्या वर्षी सतरा. त्याने सतरा लिहिले.

मेहुण्याची सगळी टोळी वनखात्याच्या कार्यालयात धडकली. पुन्हा मोजा म्हणे, म्हातारा झालाय, दिसत नाही त्याला! बाईंनी जुने तक्ते काढून टेबलावर ठेवले.

"या माणसाने काळजावर दगड ठेवून एक्केचाळीस लिहिले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला त्याचे डोळे चांगले वाटले. आता त्याचे सतरा मी तपासणार नाही."

त्याच दुपारी शिकार बंदीचा कागद निघाला. तो गावोगाव वाटायचं कामही दादाकडेच आलं. संध्याकाळी घरी आला तर बायको दारातच हसत उभी.

"जिंकलात की हो!"

"कसलं डोंबलाचं जिंकलो," दादा म्हणाला. "सतराच उरलेत गं."

आणि तो पायरीवर बसून गुडघा चोळायला लागला.