मागच्या सीटवर

यजमान गेल्यावर त्यांची जुनी मोटार मीच चालवू लागले. निघोज्याच्या शाळेत शिकवायला जाताना कच्च्या रस्त्यावर सायलेन्सर दगडांना घासू लागला, म्हणून गाडी चाकणच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने सायलेन्सर उचलून नव्या रबरी पट्ट्यांनी टांगला.

"बाई, आता घरची मंडळी मागं बसवा. गाडी दबली की खरं काय ते कळंल."

"मंडळी नाहीत. मी एकटीच असते."

त्याने मागचं दार उघडलं. "मग तुमीच बसा की."

बसले. समोर स्टिअरिंगवर कोणी नव्हतं. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, "आता न्हाई लागायचं."

माझ्या एकटीच्या वजनाने गाडी फारशी दबलीच नव्हती. मी उतरले, पुढे जाऊन बसले आणि शाळेची वाट धरली.